लॉवेलला मासेमारीला नेण्याचा बेत

"येत्या शनिवारी मी लॉवेलला धरणावर नेणार आहे," हार्लन टीगने नाश्त्याच्या टेबलावर जाहीर केलं. "माझ्या जागेवर."

वर्नाने शेगडी बंद केली. तव्यातलं बेकन अर्धवट कच्चं राहिलं, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं.

"तुझ्या जागेवर? म्हणजे, त्या तुझ्या जागेवर?"

"त्याच."

"सख्ख्या भावाला कधी नेलं नाहीस तू तिथे. मला नेलं नाहीस!"

"तुम्ही दोघांनी माझी छाती दाबून मला परत आणलं नव्हतं," हार्लन म्हणाला आणि अंड्याचा मोठा घास तोंडात कोंबला. त्याच्यापुरता विषय संपला होता.

कॅसवेल धरणाचं पाणी एवढं अफाट पसरलंय की धुकं असलं तर समोरचा काठ दिसत नाही. डॉगवुडच्या झाडांवर पांढरा बहर आला की टेनेसीच्या त्या भागातली निम्मी माणसं तिथे क्रॅपी धरायला जमतात आणि उरलेली निम्मी घरी बसून त्यांच्या नावाने बोटं मोडतात. क्रॅपी हा चपटा, चंदेरी, अंगावर काळे ठिपके असलेला मासा. मक्याच्या पिठात घोळवून तळला तर माणूस भांडण विसरतो. पण स्वभावाने भारी लाजाळू. उघड्या पाण्यात थांबत नाही, बुडालेल्या फांद्यांच्या आडोशाला राहतो. म्हणून हार्लन दर जानेवारीत गावाने फेकून दिलेली ख्रिसमसची झाडं गोळा करायचा, त्यांना सिमेंटचे ठोकळे बांधायचा आणि जलाशयाच्या एका आडवळणी फाट्यात नेऊन बुडवायचा. वर्षानुवर्षं बुडवून तिथे पाण्याखाली एक जंगलच उभं राहिलं होतं. ते कुठे आहे हे एकट्या हार्लनला ठाऊक होतं. कुणी मागावर आहे असा नुसता संशय आला तरी तो मुद्दाम दुसरीकडे जाऊन, दिवसभर रिकामा गळ सोडून बसायचा आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने पण विजयी मुद्रेने घरी यायचा.

अशी ती जागा. आणि ती दाखवायची होती लॉवेल एम्ब्रीला.

लॉवेल शेजारी राहायचा. चौकात त्याचं चपलाबुटांचं दुकान होतं, ते विकून तो निवृत्त झाला होता. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. माणूस अबोल, नीटनेटका, मान किंचित पुढे काढून चालणारा. फेब्रुवारीत अंगणात बर्फाचा पापुद्रा धरला होता त्या सकाळी हार्लन गाडीपाशी कोसळला, तेव्हा हाच लॉवेल कुंपण ओलांडून धावत आला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत गुडघ्यांवर बसून तो हार्लनची छाती दाबत राहिला. दाबली ती एवढी जीव तोडून की हार्लनच्या दोन बरगड्या मोडल्या. पुढे ऑपरेशन झालं, हार्लन घरी आला, हळूहळू हिंडूफिरू लागला. छाती दुखायची ती बरगड्यांनीच जास्त, पण ती दुखली की त्याला बरं वाटायचं. जिवंत माणसालाच दुखतं.

आता या माणसाचे आभार मानायचे होते, आणि नेमकं तेच हार्लनला जमत नव्हतं. टीग घराण्यातल्या पुरुषांना हा शब्द उच्चारता येत नसे. ते उपकाराच्या बदल्यात काहीतरी दुरुस्त करून द्यायचे. हार्लन तीनदा लॉवेलच्या दारात जाऊन आला. पहिल्यांदा पावसाबद्दल बोलला. दुसऱ्यांदा पाऊस नसल्याबद्दल बोलला. तिसऱ्यांदा काहीच न सुचून त्याने लॉवेलच्या फाटकातली टपालपेटी उतरवून घरी आणली आणि दुरुस्त करून परत बसवली. पेटी मोडलेली नव्हती.

"अरे, सरळ 'आभारी आहे' म्हण ना!" वर्ना वैतागून म्हणाली होती. "दोन शब्द आहेत!"

"दोन शब्दांत कुणी माझा जीव वाचवला नाही," हार्लन म्हणाला होता. आणि बरेच दिवस विचार करून त्याने हा बेत काढला होता.

नाश्ता झाल्यावर तो टोपी हातात घेऊन लॉवेलच्या दारात उभा राहिला.

"शनिवारी काय करतोयस?"

"काही नाही," लॉवेल म्हणाला, आणि तिथेच तो फसला.

"मग चल. कॅसवेलला. क्रॅपी लागायला लागलेत. माझ्या जागेवर नेतो तुला."

"पाण्यावर?" लॉवेलने विचारलं.

"मग कुठे? मासे काय झाडाला लागतात?"

"म्हणजे बोटीतून?"

"माझ्या बोटीतून. दोघंच आपण. तिसऱ्याला जागाच नाही तिच्यात. आणि हे बघ, कुणाला बोलू नकोस. आजवर कुणालाही नेलेलं नाही मी तिथे."

लॉवेलचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला. त्याने दाराची चौकट धरली. "हार्लन, एवढं कशाला..."

"नाही म्हणायचं नाही."

लॉवेल नाही म्हणाला नाही. हार्लन समाधानाने घरी आला. "गहिवरला गं बिचारा," त्याने वर्नाला सांगितलं. "तोंडातून शब्द फुटेना. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. चर्चचे पाद्री, ब्रदर ड्वाइट. आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी ऐकू यावा.

"बंधू हार्लन! शनिवारी धरणावर जाताय असं कानावर आलं. देवाची करणी बघा, शनिवारी मी मोकळाच आहे!"

हार्लनने वर्नाकडे जळजळीत नजर टाकली. वर्नाने खांदे उडवले.

"ब्रदर ड्वाइट, बोट जरा लहान आहे..."

"मी आयसीयूच्या बाहेर कसल्या खुर्चीवर बसून तुमच्यासाठी प्रार्थना केली, माहितीय ना? प्लास्टिकची! पाठ अजून धरते. मोकळी हवा लागली तर सुटेल म्हणतो."

आता ज्या माणसाने आपल्यासाठी प्लास्टिकच्या खुर्चीवर रात्र काढली, त्याला नाही कसं म्हणणार? हार्लन हो म्हणाला.

फोन ठेवून तो वर्नाकडे वळला. "सांगितलंस ना?"

"मी? मी कुणाला सांगू? मला जागा तरी माहितीय का? तीस वर्षं विचारतेय, तर म्हणे, 'तिकडे, पाण्याच्या बाजूला'!"

"मग त्यांना कळलं कसं?"

"त्यांनाच विचार!"

हार्लनने उलटा फोन लावून विचारलंही. पण ब्रदर ड्वाइटनी आवाज खाली आणला, म्हणजे साधारण माणसाएवढा केला, आणि म्हणाले, "ते सांगता यायचं नाही. एका सज्जनाने पाण्यावरच्या प्रवासात रक्षण व्हावं म्हणून प्रार्थना करायला सांगितली. पाद्र्याजवळ बोललेलं पाद्र्याजवळच राहतं, बंधू."

संध्याकाळी हार्लन पेट्रोल भरायला गेला तर तिथे कर्टिस ओडम भेटला. ॲम्ब्युलन्स चालवणारा हाच. दांडगा गडी, त्याचा ट्रकही तसाच दांडगा.

"काय काका! शनिवारी मोठा बेत आहे म्हणे? मी येतो ट्रक घेऊन. तुमची खोकी, खुर्च्या, सगळं घेतो मागे."

"कसली खोकी? कसल्या खुर्च्या? तुला कुणी सांगितलं?"

"आता कोण बरं बोललं... इथे पंपावरच चर्चा चालली होती. का? मी नको का यायला?" कर्टिसचा चेहरा पडला. "नाही, म्हटलं, त्या दिवशी तुम्हाला मागे घालून नेलं तेव्हा अंगाचा रंग निळा होता तुमचा. जरा गुलाबी रंगात बघितलं असतं तुम्हाला."

हार्लन हो म्हणाला.

आणि शुक्रवारी सकाळी मिस इमोजीन क्रॅबट्री यांचा निरोप आला. मिस इमोजीन ऐंशीच्या पुढच्या. हार्लन लहान असताना रविवारच्या बायबलवर्गात त्याचा कान त्यांनीच पिळलेला. तो आजारी होता तोवर दर मंगळवारी त्यांच्याकडून घेवड्याच्या शेंगांचं, वर तळलेला कांदा पेरलेलं, भट्टीत भाजलेलं कॅसरोल यायचं. मीठ कधी कमी, कधी दोनदा घातलेलं. पण मंगळवार चुकला नाही. त्यांच्याबरोबर भगिनी मंडळातल्या आणखी काही जणी येणार होत्या, कारण त्यांनीही काही ना काही पाठवलं होतंच. कुणी मक्याचा पाव, कुणी केक, कुणी नुसतीच माया.

"आता मीही येते," वर्ना म्हणाली. "एवढं गाव चाललंय, आणि मी काय घरी बसून भांडी घासू?"

हार्लन खुर्चीत बसून राहिला. दोन माणसांचा बेत जत्रेएवढा झाला होता, आणि त्यातल्या एकालाही नकार देण्याजोगं त्याच्यापाशी काही नव्हतं. हिवाळाभर याच लोकांनी त्याला ओंजळीत धरून इथवर आणलं होतं. शेवटी त्याने मनाशी ठरवलं: येऊ देत सगळे. सगळे काठावर बसून गळ टाकतील. पण बोटीतून पहिली फेरी माझी आणि लॉवेलची, आणि तिथवर तिसरं माणूस फिरकणार नाही.

एकदा एवढं ठरल्यावर त्याच्यातला मासेमार जागा झाला. एवढ्या माणसांच्या गळांना लावायला आमिष लागणार. आमिष म्हणजे मिनो, करंगळीएवढे जिवंत मासे. दुकानातून त्याने मोठमोठ्या पिशव्या भरून ते आणले. ठेवायचे कुठे? बादल्या अपुऱ्या पडल्या. म्हणून त्याने विहिरीच्या पाण्याने न्हाणीघरातला टब भरला, त्यात हवेचा छोटा पंप लावला आणि मिनो सोडून दिले. टबभर करडी, सळसळणारी सावली फिरू लागली. हार्लन कौतुकाने कितीतरी वेळ बघत राहिला.

दुपारी मिस इमोजीन आल्या. उद्याच्या तयारीला मदत करायची म्हणून, हातात कॅसरोल. वर्ना बाजारात गेली होती. हार्लन अंगणात बोटीच्या ट्रेलरची चाकं बघत होता.

"पोरा, जरा हातपाय धुऊन येते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या प्रसन्न चेहऱ्याने. "हार्लन, वर्नाला बोलू नकोस हं. आजारपणात घराकडे दुर्लक्ष होतंच. टबात केवढं घाण पाणी साचलं होतं! काळपट नुसतं. आणि बाजूला कसलं तरी यंत्र गुरगुरत होतं. ते बंद केलं, बूच काढलं आणि पाणी सोडून दिलं. ब्रश मारून ठेवते थोड्या वेळाने."

हार्लन धावला. डॉक्टरांनी धावायला मना केलं होतं, तरी धावला. टबाच्या तळाशी शेवटचं पाणी गोल गोल फिरत होतं आणि त्यात शेवटचा मिनो शेपटी हलवत मोरीत चालला होता. हार्लनने झडप घातली. मिनो गेला. पाठोपाठ नळातून एक खोल, भरल्या पोटाचा ढेकर आला आणि मोरी तुंबली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातली तुंबली. मग संडासही विचारात पडला.

"काही चुकलं का माझं?" मिस इमोजीन दारात उभ्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू, हातात ब्रश.

हार्लनने त्यांच्याकडे पाहिलं. "नाही, मॅडम," तो म्हणाला. "फार चांगलं केलंत."

वर्ना आली, तिने पाहिलं, आणि ती खुर्चीत बसली. "हिवाळ्यात तू मरत होतास तेव्हासुद्धा या घरातल्या मोऱ्या चालू होत्या," एवढंच ती म्हणाली.

लांब लवचीक तार घेऊन लॉवेल धावून आला. बाह्या सरसावून मोरीशी गुडघे टेकून बसला. गेले दोन-तीन दिवस तो फाटकाबाहेर दिसला की चेहरा सुतकी असायचा, पण आता तारेला पीळ देताना त्याच्या अंगात नवा उत्साह आला होता. चक्क शीळ घालत होता.

"मी काय म्हणतो, हार्लन," मिनोंचा एक लगदा बाहेर काढत तो म्हणाला, "आता आमिषच गेलं म्हटल्यावर... उद्याचं रहित केलं तरी चालेल. मला वाईट वाटणार नाही. बिलकूल नाही."

"अरे, छे!" हार्लन म्हणाला. "कर्टिस सकाळी येताना नवीन आणतोय. तू काळजी करू नकोस. मी शब्द दिलाय तुला."

लॉवेलची शीळ थांबली.

शनिवारी पहाटे निघायचं ठरलं होतं. पण मिस इमोजीनची कवळी सापडेना, ब्रदर ड्वाइटना नाश्ता हवा होता, आणि कर्टिसच्या ट्रकमध्ये खुर्च्या बांधून होईतो ऊन वर आलं. निघाले तेव्हा एखाद्या लग्नाचं वऱ्हाड निघावं तशी गाड्यांची रांग लागली होती. सगळ्यांत पुढे हार्लनची बोट ट्रेलरवर. ती ओढणाऱ्या गाडीत हार्लनच्या शेजारी लॉवेल. त्याने घरूनच जीवरक्षक जाकीट घालून ठेवलं होतं. एक नव्हे, दोन. एकावर एक.

"नवखा आहेस, हुरूप आहे," हार्लन हसून म्हणाला. "पण पाणी अजून तीस मैल लांब आहे."

"असू दे," लॉवेल म्हणाला. तो खिडकीबाहेर बघत नव्हता.

धरणावर बोट उतरवायच्या उतारावर हार्लन ट्रेलर मागे घेऊ लागला आणि सगळ्यांनी एकदम मार्गदर्शन सुरू केलं. "डावीकडे, काका!" "उजवीकडे, बंधू!" "हार्लन, हळू, तुला ताण नको!" "पोरा, स्वेटर कुठेय तुझा?" एरवी हार्लन बोट उतरवण्याआधी आत साचलेलं पाणी काढायला तिच्या पाठीमागे असलेल्या भोकात बूच बसवायचा, मगच दुसरं काही. हे तो झोपेतही करू शकला असता. पण त्या दिवशी एका हाताने स्वेटर चढवत, दुसऱ्या हाताने मिस इमोजीनना आधार देत, ब्रदर ड्वाइटच्या प्रश्नाला उत्तर देत त्याने बोट पाण्यात सोडली, दोरी खांबाला बांधली आणि जाहीर केलं, "पहिली फेरी माझी आणि लॉवेलची. बाकी सगळ्यांनी काठावर बसायचं."

लॉवेलने डोळे मिटले.

"थांबा!" ब्रदर ड्वाइटनी हात वर केला. "आधी प्रार्थना."

सगळ्यांनी टोप्या काढल्या, माना खाली घातल्या. ब्रदर ड्वाइटनी हार्लनच्या हृदयाबद्दल देवाचे आभार मानले, मग शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांबद्दल, नर्सेसबद्दल, लॉवेलच्या हातांबद्दल, कर्टिसच्या वेगाबद्दल, कॅसरोलबद्दल. आभार मानायला एवढं काही होतं की प्रार्थना लांबतच गेली. हार्लनच्या नाकात हुळहुळलं. मिटल्या डोळ्यांनी तो एकेक नाव ऐकत होता आणि प्रत्येक नावासरशी हिवाळ्यातला एकेक दिवस त्याच्यासमोर उभा राहत होता. मग ब्रदर ड्वाइट पाण्याकडे वळले. "आणि हे प्रभो, या छोट्याशा नावेला तुझ्या तळहातावर धर. लाटांपासून राख, वाऱ्यापासून राख, खोल पाण्यापासून राख..."

कुठेतरी गुडगुड असा आवाज येत होता. हार्लनला वाटलं, कुणाचं तरी पोट.

"...आमेन!"

"आमेन!" सगळे म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

बोट नव्हती.

म्हणजे होती, पण खाली. पाण्यातून फक्त तिचं नाक वर आलं होतं आणि ताणलेली दोरी थरथरत होती. वर्नाचे सँडविच हळूहळू जलाशयाच्या मध्याकडे निघाले होते.

"बूच!" हार्लन ओरडला. "बूच राहिलं!"

"आठवड्यात दुसरं," वर्ना म्हणाली.

मग जी धावपळ झाली ती काय सांगावी! कर्टिस कपड्यांसकट छातीभर पाण्यात उतरला. ब्रदर ड्वाइट काठावरून वचनं आणि सूचना आळीपाळीने देत राहिले. ट्रकला साखळी लावून बोट ओढली, तेव्हा ती पाठीमागच्या भोकातून जाड धार सोडत वर आली. मोटार पार भिजली होती. त्या दिवशी तरी ती बोट कुठे जाणार नव्हती.

हार्लन काठावरच्या एका ओंडक्यावर बसला. बोटीचं त्याला एवढं वाटत नव्हतं. बोट सुकते. पण आभार मानायचे राहिले होते, आणि आता ते कसे मानायचे हे काही त्याला सुचत नव्हतं.

लॉवेल हळूच येऊन शेजारी बसला. दोन्ही जाकिटं अंगात तशीच.

"हार्लन," तो म्हणाला, "मी बघत होतो."

"काय?"

"बोट बुडताना. प्रार्थनेत माझे डोळे उघडे होते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं मी."

हार्लनने त्याच्याकडे वळून पाहिलं. "आणि बोलला नाहीस?"

"प्रार्थना चालू होती," लॉवेल म्हणाला. मग त्याचं त्यालाच ते ऐकवेना. "नाही, खोटं कशाला सांगू. पाण्याची भीती वाटते रे मला. लहानपणापासून. पोहता येत नाही. टबात अंघोळ करत नाही मी, उभ्याने करतो. तू दारात आलास तेव्हापासून झोप नाही मला. ब्रदर ड्वाइटना प्रार्थना करायला मीच सांगितलं. पेट्रोल पंपावर मीच बोललो. मिस इमोजीनना मी स्वतः घरी जाऊन सांगितलं. म्हटलं, एवढी माणसं जमली की बोटीत मला जागा उरणार नाही. पण तू... पहिली फेरी म्हणे माझी!"

"अरे गाढवा," हार्लन म्हणाला, "नाही म्हणायचं होतंस!"

"तू टोपी हातात घेऊन उभा होतास. 'कुणालाही नेलेलं नाही' म्हणालास. त्याला कुणी नाही म्हणतं का?" लॉवेल बुटाच्या टोकाने वाळू उकरू लागला. "आणि मला ठाऊक होतं तू का नेतोयस. टपालपेटी नेलीस तेव्हाच कळलं. ती मोडली नव्हती. आता तिचं दार उघडत नाही."

हार्लनच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी त्याला वाटलं राग. पण ते हसू होतं. तो हसायला लागला तो थांबेना. बरगड्या धरून, पाय आपटून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. वर्नाने घाबरून लांबून हाक मारली, तिला त्याने हातानेच खुणावलं.

"आता म्हणूनच टाक एकदाचं," लॉवेल म्हणाला. "म्हणजे दोघंही सुटू."

हार्लनने घसा खाकरला. समोर पाण्याकडे बघत, जणू पाण्यालाच सांगतोय अशा आवाजात तो म्हणाला, "आभारी आहे, लॉवेल."

"त्यात काय एवढं," लॉवेल म्हणाला.

हार्लनने टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली.

"एवढंच होतं?" हार्लनने विचारलं.

"एवढंच."

"मग बोट कशाला बुडवली आपण?"

तेवढ्यात तिकडे एकच गलका झाला. मिस इमोजीनच्या गळाला क्रॅपी लागला होता. वसंतात क्रॅपी अंडी घालायला काठाशी येतात. हार्लनला हे ठाऊक होतं, पण आपल्या त्या जागेच्या नादात तो कित्येक वर्षांत काठावर बसलाच नव्हता. मोतीबिंदूवाल्या मिस इमोजीननी पाठोपाठ दुसरा काढला. ब्रदर ड्वाइटचा गळ दर वेळी झाडात अडकत होता. ओल्या कपड्यांनी कर्टिस सगळ्यांच्या गळांना मिनो लावत फिरत होता आणि वर्ना, जिने जन्मात गळ हातात धरला नव्हता, तिने असा टप्पोरा मासा वर काढला की हार्लनने उठून टोपी काढली. काठावरच चूल पेटली, तेल तापलं, मक्याच्या पिठाचा वास सुटला. माशाचा कुरकुरीत तुकडा चावत हार्लन उभा राहिला आणि त्याने सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. एवढ्या सगळ्या माणसांना आपण जिवंत हवे होतो, हे त्याला तोवर नीटसं उमगलंच नव्हतं. त्याने पुन्हा घसा खाकरला. एकदा बोलून झाल्यावर आता तो शब्द सोपा झाला होता. एकेकापाशी जाऊन तो हेच म्हणत राहिला. मिस इमोजीनपाशी तर दोनदा म्हणाला. त्यांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही.

लॉवेल घोट्याएवढ्या पाण्यापासून चार हात मागे, पालथ्या बादलीवर बसला होता. हार्लनने त्याच्या हातात गळाची लांब काठी दिली. काही वेळाने गळाच्या दोरीवरचं तरंगणारं बोंड बुडालं, लॉवेल किंचाळला, मागे पडला, आणि मासा हवेतून येऊन त्याच्या मांडीवर पडला. लॉवेलने त्याला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. "धरला!" तो ओरडला. "हार्लन, मी धरला! जिवंत आहे हा!" गेल्या तीन वर्षांत कुणी त्याचा एवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

तेव्हापासून दर शनिवारी उजाडतं न उजाडतं तोच लॉवेल हार्लनच्या दारात हजर असतो. नवी टोपी, नव्या काठ्या, आणि अजूनही दोन जाकिटं. दोघं कॅसवेलच्या काठावर जाऊन बसतात. लॉवेल पाण्याला पाय लावत नाही, पण तोंड मात्र बंद करत नाही. एवढी वर्षं साठलेलं सगळं तो बोलतो. त्याच्या बायकोबद्दल, ओपलबद्दल, तर सर्वांत जास्त. तो बोलायला लागला की आसपासचे सगळे क्रॅपी समोरच्या काठाला निघून जातात.

परवाच्या शनिवारी हार्लन घरी आला तेव्हा वर्नाने तवा तयार ठेवला होता.

"मासे?"

"एकही नाही."

"मागच्या वेळी?"

"मागच्या वेळीही नाही."

"मग हसतोयस कशाला? आणि पुढच्या शनिवारी परत जाणार असशील!"

"जायलाच हवं," बूट काढत हार्लन म्हणाला. "अगं, ओपलला पळवून न्यायला हा रात्री खिडकीतून चढलाय, तिचा बाप बंदूक घेऊन बाहेर आलाय, आणि लॉवेल अजून खिडकीतच अडकलाय."